शेजारणीच्या आईचा रंग

शेजारणीची आई गेली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार मऊ काळजाची बाई आहे असा कुणाचा गैरसमज नको. दोन हजार वीसचा एप्रिल होता. नेदरलँड्समधल्या आल्मेरेतलं आमचं घर, एका रांगेतल्या आठ घरांतलं तिसरं. वरच्या खोलीत नवऱ्याचं ऑफिस, खाली जेवणाच्या टेबलावर लेकीची शाळा, आणि मी दोघांच्या मधे जिन्यावर उभी, हातातला चहा कुणासाठी केला होता ते विसरलेली. मार्चचे पहिले पंधरा दिवस मी घाबरले होते. मग घाबरायचंही संपलं. एकदा कांदा चिरताना बोट चांगलं खोल कापलं, आणि मी रक्ताकडं नुसती बघत राहिले. लेक ओरडली तेव्हा कुठं नळाखाली धरलं.

शेजारीण बागेत कपडे वाळत घालत होती. दोन बागांच्या मधे छातीइतकं लाकडी कुंपण. तिनं माझ्याकडं न बघताच सांगितलं, ‘‘माझी आई गेली. परवा.’’ मी ‘‘अगं बाई!’’ म्हटलं, तेही मराठीतच. मग डचमधलं सांत्वनाचं वाक्य म्हटलं. ते मला इथल्या परीक्षेसाठी पाठ होतं. ती ‘‘थँक यू’’ म्हणाली, उरलेले चिमटे लावले आणि आत गेली. मीही आत आले आणि वरणाला फोडणी दिली.

शेजारीण सुरिनामची. म्हणजे तिचा जन्म इथलाच, आईवडील तिकडून आलेले. सुरिनामी म्हटलं की आपल्या लोकांना आधी तिथले हिंदुस्तानी आठवतात, भोजपुरी वळणाचं बोलणारे, रोटीची दुकानं चालवणारे. ही त्यांतली नव्हे. हिचे पूर्वज आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेले. ही काळी. बस चालवते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. एकमेकींना आम्ही ‘बूरव्राऊ’ म्हणतो, शेजारीणबाई. इथली हाकच ती, नावाची गरज पडत नाही. चार वर्षांत आमचं बरं जमलं होतं. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर काढायचा ते तिनं शिकवलं, आणि माझा दिवाळीचा चिवडा तिला एवढा आवडायचा की ऑक्टोबरपासून विचारायला लागायची.

आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीनचं भाड्याचं घर सोडून इथं घर घेतलं तेव्हा तिथल्या आपल्या मंडळींनी सांगितलं होतं, ‘‘घर मोठं मिळेल गं, पण तिकडं काळे फार आहेत म्हणे.’’ मी म्हटलं, ‘‘मग काय, मी खपून जाईन.’’ सगळे खो खो हसले. मी रंगानं डावी आहे, आणि अशा वेळी आपणच आधी बोललेलं बरं असतं.

तर त्या दिवशी वरण उकळलं, आणि मला वाटलं, काहीतरी करायला पाहिजे. मनात काही नव्हतं, पण आपल्याकडं शेजारी कुणी गेलं की नुसतं बसून राहत नाहीत. पिठलं-भात नेऊन देतात. इथं डबा द्यायचीही भीती, घेणाऱ्यालाही भीती. म्हणून चार दिवसांनी मी कुंपणापाशी जाऊन म्हटलं, ‘‘मी चित्रं काढते. तुझ्या आईचं काढून देऊ?’’

ती कुंपणाजवळ आली. मग म्हणाली, ‘‘ऑगस्टच्या सुरुवातीला तिचा वाढदिवस असतो. तोवर माणसांना जमू देतील. अंत्यविधीला ज्यांना येता आलं नाही ते सगळे त्या दिवशी येणार आहेत. मला तिथं तिचा चेहरा हवाय. मोठा. माझ्याकडं आहेत ते सगळे फोटो एवढे एवढे, मोठे करायला गेलं की फुटतात.’’ तिनं तीन फोटो आणून कुंपणावर ठेवले. त्यातला एक चांगला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली म्हातारी, डोक्याला कडक इस्त्रीचा रंगीत रुमाल बांधलेला, सरळ कॅमेऱ्याकडं बघणारी. मी म्हटलं, ‘‘मी करते. काळजीच करू नकोस.’’

काळजी करू नकोस म्हणायला माझं काय जात होतं? हे काम माझ्या हाताखालून शेकड्यांनी गेलेलं. मी साताऱ्याची. चित्रकलेचा डिप्लोमा केला, नोकरी मिळेना, म्हणून मामाच्या फोटो स्टुडिओत बसले ती लग्न होईपर्यंत. माझं काम टचिंग. आधी ब्रशनं, मग कॉम्प्युटर आला तेव्हा माउसनं. डाग काढायचे, बट सारखी करायची आणि उजळ करायचं. हे शेवटचं कुणाला सांगावं लागत नसे. मुलीचा दाखवायचा फोटो असला की एक घर उजळ, सावळी असली की दोन घरं. मामा ‘घर’च म्हणायचा, सोंगटी हलवल्यासारखं. आणि हार घालून भिंतीवर लावायचा गेलेल्या माणसाचा फोटो असला की तीन घरं. जन्मभर स्टॅंडवर हमाली केलेला, उन्हानं करपलेला म्हातारा आमच्या फ्रेममध्ये जायचा तो दुधात बुडवून काढल्यासारखा. घरचे फोटो हातात घ्यायचे, डोळ्यांना पदर लावायचे आणि म्हणायचे, ‘‘काय तेज आलंय हो!’’ एवढ्या वर्षांत एकानंही कधी म्हटलं नाही की हा आमचा बाप नव्हे.

मे महिन्यात मी टेबलाचं एक टोक लेकीकडून मागून घेतलं आणि चित्र सुरू केलं. दोन फूट बाय अडीच फूट. बरं चाललं होतं. रुमालाच्या घड्या अशा उतरल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. चेहऱ्याला मी ट्यूब घेतली, जिच्यावर ‘कातडीचा रंग’ असंच लिहिलेलं असतं. गुलाबीसर. आमच्या शाळेत त्याच रंगाचा खडू असायचा, ‘स्किन कलर’, आणि सबंध वर्गात एकाही पोराची कातडी त्या रंगाची नव्हती. त्यात मी तपकिरी मिसळला, आपल्या मते भरपूर. गालावर दोन काळे ठिपके होते ते गाळले. हात आपोआप चालत होता, आणि त्या दिवसांत जे आपोआप चालेल तेवढंच माझ्याच्यानं होत होतं.

जूनमध्ये इथल्या चौकाचौकांत माणसं गोळा झाली. मास्क लावलेली, हातात पाट्या घेतलेली. काळ्या माणसांना जगू द्या म्हणत होती. आम्ही बातम्यांत बघितलं. लेकीच्या बाईंनी त्यावर वर्गात तासभर बोलून घेतलं, स्क्रीनवरच. मी मान हलवली, ‘‘वाईट आहे हो,’’ म्हटलं, आणि टेबलाच्या टोकाशी येऊन पुन्हा तीच ट्यूब पिळली. खरंच सांगते, दोन्ही गोष्टी एकाच खोलीत चालल्या होत्या आणि माझ्या डोक्यात त्यांची गाठ पडली नाही.

चित्र झालं. नवरा मीटिंगच्या मधे खाली आला, म्हणाला, ‘‘वा! एकदम तेज आलंय.’’ व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘गोड दिसतात हो बाई. अगदी आपल्यातल्याच वाटतात.’’ मला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांत मला जे पहिल्यांदा काही वाटलं ते हे.

जूनच्या शेवटच्या शनिवारी चादरीत गुंडाळून मी चित्र कुंपणावरून तिच्या हातात दिलं. तिनं चादर काढली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, कारण हा क्षण मला पाठ होता. आता डोळे भरणार, आता हात छातीवर जाणार.

ती म्हणाली, ‘‘ही कोण?’’

मला वाटलं, गंमत करते. म्हटलं, ‘‘तुझी आई.’’

‘‘नाक तिचं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘रुमाल तिचा आहे. पण ही माझी आई नाही. हिचा रंग कुठंय?’’

आता इथं माणसानं गप्प बसावं की नाही? पण ही मेली जीभ! मी म्हटलं, ‘‘मी तिला थोडं जास्त सुंदर केलं.’’

‘‘जास्त सुंदर,’’ ती म्हणाली. माझेच शब्द, अगदी हळू. मग चित्र तिनं कुंपणाला टेकवून उभं केलं, तोंड लाकडाकडं करून, आणि बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. बसमध्ये थांबे सांगतात त्या आवाजात ती बोलत होती.

‘‘मला दवाखान्यात जाऊ दिलं नाही. टॅबलेटवर दाखवली तिला. उशी पांढरी, चादर पांढरी, डोक्यावरचा दिवा पांढरा. त्या पांढऱ्यापुढं कॅमेऱ्याला तिचा चेहराच दिसेना. उशीवर नुसता एक काळा डाग. नर्स बिचारी कोन बदलत राहिली, पण डागच. डोळे कुठले, तोंड कुठलं, कळत नव्हतं. मी त्या डागाला म्हटलं, आई, जा तू आता, आमची काळजी करू नकोस. कुठं बघून बोलायचं तेही मला कळलं नाही. आणि आता तू ही आणलीस. त्या यंत्रानं तिला काळं करून पुसली, तू गोरं करून पुसलीस. माझी आई कुठं गेली?’’

ती आत गेली. मी हात लांब करून चित्र वर ओढून घेतलं आणि घरी आणलं.

मला राग आला. उगाच कशाला लपवू? दीड महिना मान मोडून काम केलं ते ह्यासाठी? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! नवरा म्हणाला, ‘‘जाऊ दे, त्यांचे दिवस वाईट चाललेत.’’ मी म्हटलं, ‘‘आपले फार चांगले चाललेत ना!’’ तो म्हणाला, ‘‘मग वरून थोडा काळा मार. एवढं काय त्यात?’’ आणि मी, शहाणी, तेच केलं. काळा रंग पातळ करून सगळ्या चेहऱ्यावर हात फिरवला. करायला गेले गणपती, झाला मारुती. काजळी धरलेल्या भांड्यासारखं दिसायला लागलं.

लेक मागं येऊन उभी होती. तेव्हा दहा वर्षांची. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, असं आमचं चालतं. ती म्हणाली, ‘‘आई, ही डिसेंबरातल्या त्या लोकांसारखी दिसते. तोंडाला काळं फासतात ना, ते.’’ इथं डिसेंबरच्या सणात गोरी माणसं तोंड काळं करून, मोठे लाल ओठ काढून पोरांना खाऊ वाटत हिंडायची. आता त्यावरून भांडणं होतात. लेक पुढं म्हणाली, ‘‘माझं पण तू करतेस.’’

‘‘काय करते?’’

‘‘आजीला पाठवायच्या आधी माझे फोटो. तू ते पांढरं करतेस. मला माहितीय.’’

‘‘तो फिल्टर असतो गं. सगळेच लावतात.’’

‘‘बाबाला नाही लावत,’’ ती म्हणाली, आणि आपल्या वहीकडं परत गेली. रुसलीबिसली काही नव्हती. बाहेर पाऊस पडतोय इतक्या साध्या सुरात तिनं ते सांगितलं. नवरा गोरा आहे, त्याच्या आईवर गेलाय.

मी फोन उघडला. एकेक फोटो बघितला, मूळचा आणि पाठवलेला. दोन पोरी होत्या त्या. एक माझी आणि एक सासरी पाठवलेली. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी भाकरीचं पीठ मळलं. पण एक मात्र झालं. त्यानंतर ते चित्र मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी शेजारीण ड्यूटीवरून यायची वेळ साधून मी कुंपणापाशी उभी राहिले. म्हटलं, ‘‘मला तुझ्या आईला परत काढू दे.’’

‘‘का?’’

‘‘मी चुकले.’’

‘‘कुठं चुकलीस?’’

आता आली का पंचाईत! साधं ‘असू दे’ म्हणाली असती तर मी सुटले असते. पण ती थांबून राहिली, खांद्याला बॅग तशीच. मी डचमधले शब्द गोळा करायला लागले, आणि खरं तर मराठीतही ते सापडले नसते. शेवटी म्हटलं, ‘‘मला वाटतं, गोरं म्हणजे चांगलं.’’

‘‘कुणी सांगितलं तुला?’’

‘‘कुणी नाही. सगळ्यांनी.’’

तिनं माझ्याकडं बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, ‘‘माझ्यासमोर काढायचं. इथं बागेत. मी बसेन आणि बघेन.’’

मी नवा कॅनव्हास ताणला. जुलैभर, संध्याकाळी सहा ते आठ, पाऊस नसेल तेव्हा, मी कुंपणाच्या अलीकडं आणि ती पलीकडं खुर्ची टाकून. चित्र असं तिरकं ठेवायचं की दोघींना दिसेल. पहिल्याच दिवशी तिनं कातडीच्या रंगाची ती ट्यूब माझ्या डब्यातून बाहेर काढायला लावली. काळीही काढायला लावली. ‘‘माझ्या आईत काळा नव्हता,’’ म्हणाली. मी मनात म्हटलं, आता हिला काय शिकवायचं! मग तिनं आपलं कपाळ पुढं केलं. ‘‘हे बघ. हे तिचंच आहे. काय दिसतं ते सांग.’’

मी बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या चेहऱ्याकडं कामाच्या नजरेनं बघत होते. कपाळावर आभाळाचा निळा होता, स्वच्छ. गालाच्या हाडाखाली जांभळ्यासारखं काही, आणि त्याच्या कडेला लाल, जळत्या विटेचा. हनुवटीखाली चक्क हिरवट. मी एकेक सांगत गेले, ती ‘हूं’ म्हणत गेली. ह्या सगळ्याला मी इतके दिवस एकच शब्द वापरत होते.

पण बघणं वेगळं आणि हातानं उतरवणं वेगळं. जित्याची खोड. दर चार फटकाऱ्यांनी माझा हात पांढऱ्याकडं वळायचा, आणि ती पलीकडून म्हणायची, ‘‘बूरव्राऊ.’’ एवढंच. मी पुसायची. ‘‘अजून खोल.’’ मी खोल करायची. ‘‘नाही, हा मेलेला तपकिरी आहे. टेबलाचा. आई टेबल नव्हती.’’ पुन्हा खरवडायचं. आठवडाभर तर मी दिवसाचं काम रोज पुसूनच घरात जात होते. एकदा मी चिडून म्हटलं, ‘‘मग तूच काढ ना बाई!’’ ती म्हणाली, ‘‘मला येत असतं तर तुला काढू दिलं असतं का?’’ आणि त्यावर दोघी हसलो. तेवढंच एकदा.

गालावरचे दोन ठिपके मी दुसऱ्यांदाही गाळले होते. तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, ‘‘डाग आम्ही पुसून टाकतो.’’ ती म्हणाली, ‘‘ते डाग नाहीत. माझ्या आजीलाही तिथंच होते.’’ मी ते काढले. दोन ठिपके काढायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, कारण ती सांगत होती आणि मी ऐकत होते. तिच्या आईनं तीस वर्षं ऑफिसं पुसली. सकाळी लोक यायच्या आत निघायचं, म्हणजे ती कुणाला दिसायला नको. आणि हिच्या बसमध्ये एक बाई रोज चढायची, ती तिकिटाच्या मशीनला हॅलो म्हणायची, हिला नाही. ‘‘आता करोनामुळं पुढचं दारच बंद आहे, सगळे मागून चढतात,’’ ती म्हणाली. ‘‘तिची सोय झाली.’’ ती हसली नाही, मीही नाही. मी ठिपक्याची कडा नीट करत राहिले.

मी रोज चहा विचारायची. ती रोज ‘नको’ म्हणायची. पूर्वी माझा आल्याचा चहा दोन कप प्यायची. मी विचारायचं सोडलं नाही, तीही नको म्हणायचं सोडलं नाही.

जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी ती उठून उभी राहिली. बराच वेळ बघितलं. म्हणाली, ‘‘आता हात लावू नकोस.’’ मी ब्रश खाली ठेवला. तिनं चित्र कुंपणावरून उचललं, ओलं होतं म्हणून अंगापासून लांब धरलं, आणि आत नेलं. थँक यू नाही, काही नाही. मी ब्रश धुतले. हाताला तेलाचा वास येत होता, आणि मला वाटलं, आता तरी काही वाटेल. पण तसंच रिकामं होतं.

वाढदिवसाच्या दिवशी तिनं कुंपणावरून सांगितलं, ‘‘तीन वाजता ये.’’ मी साडी नेसावी की नाही ह्यात अर्धा तास घालवला आणि शेवटी कुर्ता घातला. तिच्या बागेत वीसेक माणसं, खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या, कोंबडी, भात, तळलेली केळी. टेबलाच्या टोकाला, जिथं घरची मोठी माणसं बसतात, तिथल्या खुर्चीवर चित्र ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण आधी तिथं जायचा. कुणी नुसतं उभं राहायचं. कुणी आपल्या भाषेत दोन शब्द बोलायचं. एक उंच माणूस चित्राला भांडल्यासारखा काहीबाही सुनावत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या.

कुणीतरी विचारलं, कुणी काढलं. शेजारणीनं माझ्याकडं बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘‘हिनं. पहिल्यांदा हिनं आईला गोरी केली होती. दुसऱ्यांदा मी समोर बसून करून घेतलं.’’ वीस माणसं माझ्याकडं बघत होती आणि माझ्या हातात केळ्याची बशी. कान तापले. पण तिनं सांगितलं त्यातलं काही खोटं नव्हतं.

गेलेल्या म्हातारीची थोरली बहीण चाकाच्या खुर्चीत होती. ऐंशीच्या पुढची. वृद्धाश्रमातून मार्चनंतर पहिल्यांदा बाहेर आलेली. तिनं आपली खुर्ची चित्राजवळ न्यायला लावली, बाही वर केली आणि आपला हात चित्रातल्या गालाशेजारी धरला. कापडवाल्याकडं आपण ब्लाउजपीस साडीला लावून बघतो तसं बघितलं. मान डोलावली. मग मला म्हणाली, ‘‘इकडं ये.’’ मी गेले. तिनं माझं मनगट धरलं. पाच महिन्यांत घराबाहेरच्या कुणी मला हात लावला नव्हता. तिनं माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला, दोन्हींकडं बघितलं आणि विचारलं, ‘‘आणि तुला कुणी गोरी केली होती, पोरी?’’

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मी चोवीस वर्षांची असताना मामाच्या स्टुडिओत माझा दाखवायचा फोटो निघाला, तो मी टचिंगला दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. दुकान बंद करून मामा जेवायला गेला होता. मी बसले आणि स्वतःचा चेहरा पुसत गेले, कपाळ, गाल, मान, कानाच्या पाळ्यासुद्धा. काम इतकं सफाईदार झालं होतं की मला अभिमान वाटला. कांदेपोह्यांच्या वेळी सासूबाईंनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता फोटो पर्समध्ये ठेवला. तोच फोटो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

मी म्हटलं, ‘‘मीच.’’

म्हातारी मोठ्यानं हसली. दात नसलेलं, खणखणीत हसू. ‘‘मग आधी स्वतःचं नीट कर,’’ ती म्हणाली, ‘‘आणि मग दुसऱ्यांच्या आयांना हात लाव.’’ आणि माझं मनगट सोडून तिनं कोंबडी मागितली.

मला रडू फुटलं. मार्चपासूनचं सगळं, त्याच्याही आधीचं, नाकाडोळ्यांतून, परक्या माणसांत, हातात बशी घेऊन, पोरासारखं हुंदके देत. कुणी जवळ आलं नाही. शेजारीण आत गेली, कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन आली, तो टेबलाच्या कडेला माझ्या बाजूला ठेवला आणि दीड मीटर मागं सरकून उभी राहिली. ते सरकारच्या नियमानं होतं की माझ्यामुळं, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.